बंद पडलेले ड्रॉइंग सॉफ्टवेअर सोडताना: आधी फाइली वाचवा, मग नवे निवडा

कंपनीने सॉफ्टवेअर बंद केल्याची घोषणा केली म्हणून ते दुसऱ्या दिवशी उघडायचे थांबत नाही. फ्रीहँड या मॅक्रोमीडिया कंपनीच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचेच बघा. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, एमएक्स, २००३ मध्ये आली. २००५ च्या अखेरीस अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडवर आता काम होणार नाही असे जाहीर केले. तरीही लोक ते पुढे कित्येक वर्षे वापरत राहिले. मॅकवाल्यांचा खरा घात झाला २०११ मध्ये. मॅकच्या लायन आवृत्तीतून जुन्या पॉवरपीसी चिपचे प्रोग्रॅम चालवणारा रोझेटा हा थर काढून टाकला गेला. एका अपडेटने फ्रीहँड उघडेनासे झाले आणि फाइली आत अडकून पडल्या. २०१९ मध्ये कॅटलिनाने ३२ बिटचे सगळेच प्रोग्रॅम बाद केले, तेव्हा हाच प्रकार इतर अनेक सॉफ्टवेअरच्या बाबतीत घडला.

म्हणून या कामाचा क्रम लक्षात घ्या. नवे सॉफ्टवेअर शोधायला घाई नाही, घाई आहे ती फाइली बाहेर काढायची. जुने सॉफ्टवेअर आज चालत असेल तर त्या संगणकाचे ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आजच थांबवा आणि अख्ख्या डिस्कची प्रतिमा (म्हणजे सिस्टिमसकट हुबेहूब नक्कल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा. फक्त प्रोग्रॅमचे फोल्डर कॉपी करून भागत नाही. लायसन्स, फॉन्ट आणि सेटिंग्ज सिस्टिममध्ये इतरत्र विखुरलेली असतात.

फाइलींची मोजदाद

सगळ्या जुन्या फाइली एका फोल्डरखाली आणा आणि तीन गठ्ठे करा. ज्यांच्यात पुन्हा बदल होणार आहेत त्या पहिल्या गठ्ठ्यात. ज्या फक्त पुन्हा छापायच्या किंवा दाखवायच्या आहेत त्या दुसऱ्यात. उरलेल्या, म्हणजे फक्त जपून ठेवायच्या, तिसऱ्यात. मेहनत पहिल्या गठ्ठ्यावर करायची. दुसऱ्याला चांगली पीडीएफ पुरते. तिसऱ्याला पीडीएफ आणि मूळ फाइल. शंभरातल्या शंभर फाइली संपादनयोग्य ठेवण्याच्या हट्टापायी बरेच जण दहाव्या फाइलीला कंटाळतात आणि काम सोडून देतात.

मोजदाद करताना तीन गोष्टी हमखास दगा देतात.

जुन्या मॅकवरच्या फाइलींना नावापुढे एक्स्टेन्शन (‘.pdf’सारखे प्रकार सांगणारे शेपूट) नसते. फाइल कुठल्या प्रोग्रॅमची आहे ही माहिती सिस्टिम वेगळी जपत असे आणि विंडोजवर आणताना ती गळून पडते. अशा फाइलींना योग्य एक्स्टेन्शन जुन्या मॅकवर असतानाच हाताने द्या.

जुन्या मॅकचे सूटकेस प्रकारचे फॉन्ट तर याहून फसवे. त्यांचा सगळा मजकूर फाइलीच्या ‘रिसोर्स फोर्क’ या भागात असतो. साध्या पेन ड्राइव्हवर कॉपी केले की नाव दिसते, पण आकार शून्य केबी. फॉन्ट आलेलाच नसतो. मॅकवरच झिप करून ती झिप न्या, म्हणजे हा भाग शाबूत राहतो.

तिसरे म्हणजे लिंक केलेली चित्रे. फाइलीत चित्राची फक्त झलक असते आणि मूळ चित्र भलत्याच ड्राइव्हवर. जुन्या प्रोग्रॅममध्ये लिंकची यादी उघडून प्रत्येक चित्र सापडते आहे का ते बघा आणि सगळी त्या फाइलीच्याच फोल्डरमध्ये आणून ठेवा.

वेबसाइटची चित्रे करायचे फायरवर्क्स वापरणाऱ्यांसाठी खास इशारा. अडोबीने २०१३ मध्ये त्याचा विकास थांबवला. त्याची मूळ फाइल पीएनजीच असते आणि लेयर, रेषा, मजकूर हे सगळे त्या पीएनजीच्या आत दडलेले असते. ती इतर कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नुसती दिसायला उघडते, आणि तिथे ‘सेव्ह’ केलीत की आतला संपादनयोग्य भाग कायमचा जातो. अशा सगळ्या फाइलींना आधी ‘रीड ओन्ली’ करा.

एक चाचणीची फाइल बनवा

थेट खऱ्या कामावर प्रयोग नको. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक कोरी फाइल घेऊन तिच्यात हे काढा: १०० मिमी × १०० मिमीचा भरीव चौकोन; १ मिमी जाडीची तुटक रेघ; दोन रंगांचा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारा भराव); ५० टक्के पारदर्शक वर्तुळ; एका आकाराच्या आत कापून बसवलेले चित्र; एक स्पॉट रंग (छपाईत स्वतंत्र शाईने येणारा); आणि तुमच्या नेहमीच्या फॉन्टमधली मजकुराची दोन ओळींची चौकट. तुमच्या कामात एकाहून जास्त पाने असतील तर दुसरे पान वेगळ्या आकाराचे घ्या.

चौकोनाला रेघ देऊ नका, फक्त भराव द्या. इंकस्केप हे मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये रेघेची जाडी धरून माप दाखवते. १ मिमीची रेघ असलेला चौकोन तिथे १०१ मिमीचा दिसेल आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल.

आता ही फाइल जुना प्रोग्रॅम देईल तितक्या प्रकारांत बाहेर काढा आणि नव्यात उघडून आधी चौकोन मोजा. एसव्हीजीमध्ये (रेषांची चित्रे साठवणारा खुला फाइल-प्रकार) तो ७५ मिमी निघाला, तर दोष कुठे आहे ते लगेच कळते. जुन्या प्रोग्रॅमने एका इंचाला ७२ पिक्सेल धरले आणि नव्याने ९६. ७२ भागिले ९६ म्हणजे ०.७५. सगळे निवडून १३३.३३ टक्के मोठे केले की माप जागेवर येते. चौकोन ९३.७५ मिमी दिसला तर जुना हिशेब ९० पिक्सेलचा होता, तेव्हा १०६.६७ टक्के करा. इंकस्केपच्याही ०.९२ च्या आधीच्या आवृत्त्या ९० धरत, त्यामुळे त्या काळातल्या फाइलींना हे लागू पडते.

मोठे करण्यापूर्वी ‘रेघेची जाडीही त्याच प्रमाणात बदला’ हा पर्याय चालू आहे ना ते बघा. इंकस्केपमध्ये निवड-साधन घेतल्यावर वरच्या पट्टीत त्याचे छोटे बटण असते. ते बंद राहिले तर आकार बरोबर येतो पण रेघा बारीक राहतात, आणि ही चूक पडद्यावर दिसत नाही, छापून आल्यावर दिसते.

कोणत्या प्रकारात बाहेर काढायचे

पहिली पसंती पीडीएफला. पारदर्शकता जिवंत ठेवायची असेल तर पीडीएफची आवृत्ती १.४ किंवा त्यापुढची निवडा. १.३ मध्ये पारदर्शकता हा प्रकारच नाही, त्यामुळे सावल्या आणि पारदर्शक आकार तुकड्यांत फोडले जातात किंवा त्यांचे बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, होते. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) आणि स्पॉट रंगही पीडीएफमध्ये टिकतात. मात्र पीडीएफ प्रोग्रॅमच्या स्वतःच्या ‘एक्स्पोर्ट’मधून काढा. विंडोजच्या ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’मधून काढलीत तर सगळे आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत, होऊन येते.

एसव्हीजी संपादनाला जास्त सोयीची. वर्तुळ वर्तुळच राहते, मजकूर मजकूर राहतो. पण तिच्यात सीएमवायके व्यवहारात टिकत नाही आणि अनेक पानांची सोय एसव्हीजीच्या अधिकृत व्याख्येत नाही. लोगो, चिन्हे, आकृत्या यांना एसव्हीजी; छपाईच्या कामाला पीडीएफ.

ईपीएस हा छपाईचा जुना फाइल-प्रकार शेवटचा पर्याय. पारदर्शकता त्यात राहत नाही. शिवाय उघडणारेही कमी होत चालले आहेत. मॅकच्या प्रिव्ह्यूने २०२२ च्या व्हेंच्युरापासून ईपीएस दाखवणे सोडले. जुना प्रोग्रॅम फक्त ईपीएसच देत असेल तर घोस्टस्क्रिप्ट या कमांड लाइनवरून चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करून घ्या. त्या वेळी ‘ईपीएसक्रॉप’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर चित्र ठरावीक आकाराच्या पानावर जाऊन पडते आणि बाहेरचा भाग कापला जातो.

‘एआय’ या इलस्ट्रेटरच्या प्रकाराबद्दल एक उपयोगी गोष्ट. आवृत्ती ९ पासूनच्या एआय फाइलीत सहसा आत एक पीडीएफ असते. इतर प्रोग्रॅम तीच वाचतात. सेव्ह करताना ‘पीडीएफ कंपॅटिबल’ची खूण काढलेली असेल तर चित्राऐवजी ‘ही फाइल पीडीएफशिवाय सेव्ह केली आहे’ असा मजकूर असलेले पान उघडते. फाइल बिघडलेली नसते, इलस्ट्रेटरमध्ये उघडून ती खूण करून परत सेव्ह करावी लागते.

जुना प्रोग्रॅम सुरूच होत नसेल तर

आधी लिबरऑफिस ड्रॉ वापरून बघा. मोफत आहे, आणि त्यात जुने प्रकार वाचणाऱ्या लायब्रऱ्या बसवलेल्या आहेत: कोरलड्रॉच्या फाइली २०१२ च्या ३.६ आवृत्तीपासून, फ्रीहँडच्या २०१४ च्या ४.२ पासून. स्क्रायबस हा पानमांडणीचा मोफत प्रोग्रॅमही यांतले बरेच प्रकार उचलतो. दोन्हींत एकच फाइल उघडून बघा. एकात ग्रेडियंट बरे येतील, दुसऱ्यात मजकूर. परिपूर्ण दोन्हींतही येणार नाही. आकार आणि रंग मिळाले म्हणजे जिंकलात असे समजा, लेयरची नावे आणि खास इफेक्ट यांच्यावर पाणी सोडा.

फाइली ढिगाने असतील तर लिबरऑफिसला कमांड लाइनवरून ‘हेडलेस’ आणि ‘कन्व्हर्ट-टू’ हे पर्याय देऊन अख्खे फोल्डर एकदम पीडीएफ करता येते. त्याआधी लिबरऑफिसच्या उघड्या खिडक्या सगळ्या बंद करा. एक जरी उघडी राहिली तर कमांड काहीच न करता आणि काहीच न सांगता संपू शकते.

यानेही भागले नाही तर आभासी संगणक, म्हणजे तुमच्या संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्स घ्या, त्यात जुने विंडोज बसवा, त्याचे इंटरनेट बंद ठेवा आणि फाइलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून करा. लायसन्स तुमच्याकडे हवेच. सर्व्हरला विचारून सुरू होणारे ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ असलेले सॉफ्टवेअर इथे अडू शकते, म्हणून डिस्कची प्रतिमा आधी घ्यायला सांगितले. सेरिफ कंपनीच्या ड्रॉप्लस या जुन्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरला एवढा खटाटोप लागत नाही, ते नव्या विंडोजवरही चालते. फक्त त्याच सेरिफच्या अफिनिटी या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप्लसच्या फाइली उघडतील अशी आशा धरू नका. त्या उघडत नाहीत. ड्रॉप्लसमधूनच पीडीएफ काढावी लागते.

आता नवे सॉफ्टवेअर

वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून निवड करू नका. चाचणीची फाइल आणि पहिल्या गठ्ठ्यातल्या सर्वांत किचकट तीन फाइली हातात घ्या आणि प्रत्येक उमेदवारात उघडा. अर्धा दिवस जातो, पण नंतरचे सहा महिने वाचतात.

इंकस्केप मोफत आणि मुक्त आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. मूळ प्रकार एसव्हीजी, म्हणजे उद्या इंकस्केपही बंद पडले तरी फाइली दुसरीकडे उघडतील. ज्याला एकदा जुन्या सॉफ्टवेअरने अडकवले आहे त्याला या एका मुद्द्याचे मोल वेगळे सांगायला नको. वेगवेगळ्या आकारांची अनेक पाने १.२ पासून (२०२२) मिळतात. फ्रीहँडवाल्यांची ही जुनी सवय इथे जपली जाते. १.३ मध्ये आकार जोडण्या-तोडण्याचे ‘शेप बिल्डर’ आले. उणीव छपाईची: त्याची पीडीएफ आरजीबीत निघते. सीएमवायके लागत असेल तर चित्र स्क्रायबसमध्ये नेऊन तिथे रंग ठरवून पीडीएफ काढा. महिन्यातून एखादे छपाईचे काम असेल तर हा वळसा चालतो, रोजचे असेल तर जीव नकोसा होतो.

अफिनिटी विंडोज आणि मॅकवर. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती बनवणारी सेरिफ कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची चित्र, फोटो आणि पानमांडणीची तिन्ही सॉफ्टवेअर एकत्र करून मोफत दिली. कॅनव्हाचे खाते मात्र लागते. सीएमवायके आणि स्पॉट रंग नीट हाताळते. फ्रीहँडचे ‘पेस्ट इनसाइड’ किंवा कोरलचे ‘पॉवरक्लिप’ ज्यांच्या हाताला बसले आहे त्यांना इथले लेयर पटकन जमतील: लेयर पॅनेलमध्ये एक वस्तू दुसऱ्या वस्तूवर ओढून सोडली की ती तिच्या आत कापली जाऊन बसते. तिचा स्वतःचा फाइल-प्रकार मात्र बंदिस्त आहे.

इलस्ट्रेटर घ्यावे ते समोरच्याला एआय फाइलच हवी असते म्हणून. भाडे भरत राहावे लागते. भाडे थांबले की फाइली आहेत पण उघडायला काही नाही अशी गत होते. जुन्या सॉफ्टवेअरच्या कोंडीतून सुटून याच कोंडीत शिरायचे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. कोरलड्रॉ स्वतःच्या जुन्या सीडीआर फाइली अर्थातच सर्वांत नेटक्या उघडते. कटिंग-प्लॉटर आणि लेझरवर काम करणाऱ्यांकडे ते असतेच. २०१९ पासून मॅकवरही परत आले आहे.

फायरवर्क्समध्ये वेबसाइटचे पडदे आखणाऱ्यांनी वरची यादी सोडून फिग्मा किंवा मुक्त असलेले पेनपॉट बघावे. ते काम आता तिकडे सरकले आहे.

पहिल्या आठवड्यातले अडथळे

पुढचे तपशील इंकस्केपचे आहेत, कारण नवशिके बहुतेक तिथून सुरुवात करतात. दुखणी सगळीकडे सारखीच.

१. पीडीएफ उघडताना येणाऱ्या खिडकीत मजकुराचे काय करायचे ते विचारले जाते. संगणकावर तो फॉन्ट असेल तरच मजकूर म्हणून घ्या. नसेल तर आकार म्हणून घ्या, नाहीतर बदली फॉन्ट बसून ओळी पसरतात.

२. उघडल्यावर एखाद्या रेघेवर क्लिक केले तर सगळे पान निवडले जाते. पीडीएफमधून आलेले चित्र एकात एक गटांत बांधलेले असते. कंट्रोल + शिफ्ट + जी दोन-तीनदा दाबून गट सोडवा. त्यात ‘क्लिप’ (चित्राचा बाहेरचा भाग झाकणारी चौकट) असलेले गटही निघतात. ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप मोकळी केली की पानाएवढा एक अदृश्य चौकोन उरतो, तो पुसा.

३. वर्तुळे आणि गोलसर कोपऱ्यांचे चौकोन आता नुसते चार-आठ बिंदूंचे मार्ग झालेले असतात, त्यांची जुनी हँडल नाहीत. बदल करायचा असेल तर मार्ग दुरुस्त करत बसू नका, त्यावर नवा आकार काढा आणि जुना पुसा.

४. काही ग्रेडियंट शंभर-दोनशे बारीक पट्ट्यांचे होऊन येतात. बाहेरचा आकार ठेवा, पट्ट्या काढून टाका, नवा ग्रेडियंट भरा. बिंदू फार झाले म्हणून ‘सिम्प्लिफाय’, म्हणजे कंट्रोल + एल, सगळ्या चित्रावर मारू नका. अक्षरांचे कोपरे वितळतात.

५. अंतरे उलटी वाटतात. फ्रीहँडमध्ये शून्य खाली डावीकडे असे, इंकस्केपमध्ये १.० पासून वर डावीकडे. प्रेफरन्सेसमधल्या इंटरफेस विभागात वाय-अक्षाची दिशा बदलता येते.

तिथेच कीबोर्डच्या विभागात फ्रीहँड, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, झारा यांच्या धर्तीचे तयार शॉर्टकट-संचही आहेत. मोह होतो, पण ते घेऊ नका असेच सुचवावेसे वाटते. मदतीच्या प्रत्येक लेखात इंकस्केपचे मूळ शॉर्टकट असतात आणि तुमच्याकडे दुसरेच चालतील. एस, एन, बी एवढ्या तीन कळा, म्हणजे निवड, बिंदू आणि पेन, दोन दिवसांत बोटांत बसतात.

देवनागरी मजकूर

जुन्या फाइलींतला मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसतो. दिसायला देवनागरी, पण खाली साठवलेली असतात इंग्रजी कळांची अक्षरे. फॉन्ट हरवला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यातून जुने फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचे असतील तर आणखी पंचाईत: अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार काढला आणि लिबरऑफिस, इंकस्केपही ते उचलत नाहीत. फॉन्टफोर्ज या फॉन्ट दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडून ओपनटाइप या आजच्या प्रकारात करून घेता येतात, लायसन्स परवानगी देत असेल तर.

म्हणून जुना प्रोग्रॅम चालत असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या दोन प्रती करा. एकीत सगळा मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदललेला, नावापुढे ‘आउटलाइन’. दुसरीत मजकूर जसाच्या तसा. लांब मजकूर त्या फॉन्टसाठी बनलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि तपासताना रफार, रकार आणि र्‍हस्व वेलांटी यांच्यावर डोळा ठेवा, चुका तिथेच होतात. दोन-चार शब्दांची शीर्षके सरळ पुन्हा टाइप केलेली बरी.

नवे सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात ‘स्त्री, क्षितिज, कार्य, सुऱ्या, दृष्टी’ एवढे टाइप करून बघा. इंकस्केप जोडाक्षरे बरोबर जुळवते. इलस्ट्रेटरमध्ये ती तुटली तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय दाखवायला सांगा आणि मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत साउथ एशियन कंपोजर निवडा. अफिनिटीत देवनागरीची जोडणी आधीपासून कच्ची राहिली आहे, तेव्हा तुमच्या हातातल्या आवृत्तीत हे पाच शब्द नीट उमटले तरच मराठी मजकुराच्या कामाला ती घ्या.

काय जपून ठेवायचे

काम संपलेल्या प्रत्येक फाइलीचे एकच फोल्डर असू द्या: मूळ जुनी फाइल, मजकूर जिवंत असलेली पीडीएफ, आउटलाइनची पीडीएफ, नव्या सॉफ्टवेअरची फाइल, लिंक केलेली चित्रे आणि ७२, ९० किंवा ९६ यांपैकी कुठला हिशेब धरला होता ते लिहिलेली दोन ओळींची साधी मजकूर-फाइल. स्पॉट रंगांची नावेही तिथेच टिपा. नव्या प्रोग्रॅममध्ये नाव एका अक्षराने जरी बदलले तरी छापताना त्या दोन वेगळ्या शाई धरल्या जातात आणि प्लेटही दोन बनतात.

जुना संगणक किंवा आभासी संगणकाची फाइल निदान वर्षभर काढून टाकू नका. पहिल्या गठ्ठ्यातली प्रत्येक फाइल नव्यातून एकदा प्रत्यक्ष छापून किंवा पाठवून झाली, की मग त्याची जागा दुसऱ्या कामाला द्या.